चिनी मढ्याला शिवलेला कोंबडा

दिवाळी अंकासाठी तुमच्या कामाबद्दल लिहा, असा निरोप आला तेव्हा माझ्यापेक्षा माझ्या सुनेला जास्त घाम फुटला. ती लोकांना 'आमच्या सासूबाई सिनेमात होत्या' असं सांगते. ऐकणारा मग माझ्या तोंडाकडे बघत राहतो आणि ही बाई पडद्यावर कोणाची आई झाली असेल याचा अंदाज बांधत बसतो. मी सिनेमात होते हे खरं आहे. फक्त पडद्याच्या पुढे नव्हते, मागे होते. मागे म्हणजे दोन बांबूंच्या मध्ये, गोणपाटावर मांडी घालून, हातात माईक धरून.

आमचा फिरत्या सिनेमाचा तंबू होता. आमचा म्हणजे मालकांचा. आमचे हे त्यात ऑपरेटर आणि मी तिकीटवाली. यात्रांचे दिवस आले की आम्ही दौंडहून ट्रकमध्ये तंबू घालून निघायचो आणि पावसाच्या तोंडावर परत यायचो. आधी खुटबाव, मग वरवंड, मग भीमा ओलांडून न्हावरे. हल्लीच्या पोरांना तंबू म्हटलं की लग्नाचा मांडव आठवतो, म्हणून सांगते. चहूबाजूंनी कनात, वर ठिगळांचं छप्पर, खाली मोकळी जमीन. बसायला ज्यानं त्यानं आपलं पोतं नाहीतर घोंगडं आणायचं. पुरुष एकीकडे, बाया एकीकडे, मध्ये सुंभाची दोरी. सगळ्यात मागे प्रोजेक्टर. त्यात कार्बनच्या दोन कांड्या एकमेकींजवळ आणल्या की ठिणगी पडून लख्ख उजेड व्हायचा आणि त्या उजेडावर सिनेमा चालायचा. प्रोजेक्टर एकच, त्यामुळे रीळ संपलं की खेळ थांबणार. तेवढ्या वेळात लोकांनी शिट्ट्या मारून तंबू डोक्यावर घेऊ नये म्हणून मी माईकवरून त्यांना धाकात ठेवायची. माझा आवाज तेव्हा असा होता की कर्णा बंद पडला तरी फारसं अडायचं नाही, असं हे म्हणायचे. ते कौतुक होतं की तक्रार, हे मी कधी विचारलं नाही.

नव्वदनंतरची ती वर्षं. गावोगाव घरांवर डिशच्या छत्र्या उगवायला लागल्या होत्या आणि मालक अधूनमधून तंबूच्या कापडाला हात लावून 'ह्येची ताडपत्री किती निघंल' असं स्वतःशीच बोलायचे. त्या वर्षी खुटबावच्या यात्रेसाठी आम्ही एक हिंदी मारामारीचा सिनेमा ठरवला होता. रिळांची पेटी पार्सलनं दौंड स्टेशनला आली. पेटीवर मारामारीचंच चित्र होतं, म्हणून कोणी उघडून पाहिली नाही. पहिल्या खेळाला तंबू भरला, कार्बन पेटला, आणि पडद्यावर धुक्यातून पिवळा झगा घातलेला एक चिनी माणूस घंटा वाजवत आला. त्याच्या मागे एका ओळीत दहाबारा मढी. हात पुढे ताठ, कपाळावर पिवळा कागद चिकटवलेला, आणि सगळीच्या सगळी एकदम उड्या मारत चाललेली.

मारामारी होती, नाही असं नाही. पण भाषा चिनी.

लोक एकमेकांकडे बघायला लागले. मग पुरुषांच्या बाजूनं कोणीतरी म्हणालं, "आरं, ह्ये काय बोलत्यात?" त्यामागून पहिली शिट्टी आली. मालक घाईनं कनातीतून पडद्यामागे आले. "वैनी, कायतरी बोला."

"काय बोलू? मला काय चिनी येतं?"

"त्यान्ला तरी कुठं येतंय? काय बी बोला."

पडद्याच्या मागे बसणाऱ्याला सिनेमा उलटा दिसतो, हे बाहेरच्या माणसाला माहीत नसतं. माझ्या आयुष्यातले सगळे हिरो डावखुरे. तर त्या डावखुऱ्या चिनी माणसाकडे बघत मी माईक तोंडाशी धरला आणि म्हटलं, "मंडळी, ह्यो चीनचा देवरुषी हाय. परमुलखात मेलेली माणसं त्यो त्येंच्या गावाकडं न्यायला लागलाय."

"मग ती उड्या का मारत्यात?" समोरून लगेच प्रश्न आला.

याचं उत्तर मला द्यावं लागलं नाही. पुरुषांतला एक म्हातारा तिथूनच खेकसला, "आरं येड्या, मढ्याचं अंगठं बांधत्यात न्हवं? सोडायचं ऱ्हायल्यात." आमच्याकडे माणूस गेला की त्याच्या दोन्ही पायांचे अंगठे एकत्र बांधतात. बांधलेल्या पायानं मढं उड्या मारणार नाही तर काय करणार? सगळ्या तंबूला ते पटलं. मलाही पटलं.

मग बायांच्या बाजूनं आवाज आला, "पर ती उठलीच कशी म्हंते मी?" आणि दुसरी म्हणाली, "कावळा शिवला नसंल, बाय."

तिथं मला माझी गोष्ट सापडली. कोणाला माहीत नसेल तर सांगते. दहाव्याला नदीवर पिंड ठेवतात आणि कावळ्याची वाट बघतात. कावळा शिवला तर गेलेला माणूस तृप्त झाला. नाही शिवला तर त्याची काहीतरी इच्छा राहिली. मग घरचे हात जोडून एकेक वचन देत जातात, पोरीचं लग्न करू, आईला सांभाळू, आणि बरोबर वचन सापडलं की कावळा येतो. चीनमध्ये असं करतात की नाही देव जाणे. पण त्या संध्याकाळपासून आमच्या तंबूत करायला लागले. सगळ्यात पुढच्या जाड्या मढ्याला मी रेशमाचा व्यापारी केलं, त्याच्या पिंडाला कावळा शिवला नाही असं जाहीर केलं, आणि माझं काम निम्मं कमी झालं. पुढचं लोकच बोलायला लागले.

"शेठ, तुझी शेती आम्ही बगतो. जा तू."

"पोरीला चांगलं ठिकाण बगतो, शेठ."

"बायकूला सांभाळतो," असं मागच्या रांगेतून एक जण म्हणाला आणि पुरुषांनी जो दंगा केला त्यात एक आख्खी मारामारी वाया गेली.

सिनेमा तसा झकास होता. देवऋषी लाकडी तलवारीनं लढायचा, भिंतीवरून पळत जायचा, आणि त्याचे दोन अर्धवट चेले त्याच्या प्रत्येक मंत्राची वाट लावायचे. एका चेल्यानं तर स्वयंपाकघरात सापडलेल्या मढ्याला हातभर लांब शेवयांनी बांधून टाकलं. शेवटी देवऋषी शेठच्या कपाळाला पिवळा कागद लावून त्याला थिजवतो, त्याच्या तोंडाला कान लावून बराच वेळ काहीतरी ऐकतो, चेल्यांना सांगतो, आणि मग कुठूनसा एक तांबडा कोंबडा फडफडत येऊन शेठच्या छातीवर बसतो. शेठ धाडकन आडवा. तो कोंबडा बघून मी गांगरले. मग म्हटलं, "मंडळी, चीनमधी कावळं तांबडं असत्यात."

"शिवला! शिवला!" तंबू उठून उभा राहिला. यात्रा बिरोबाची, लोक धनगरवाड्यातले, प्रत्येकाच्या खिशात भंडारा. मुठीच्या मुठी पडद्यावर आल्या. पडदा हे स्वतःच्या हातांनी धुवायचे, मला हातही लावू द्यायचे नाहीत. त्या हळदीचा डाग शेवटपर्यंत निघाला नाही. पुढे कितीतरी गोऱ्यापान नायिका आमच्या तंबूत कावीळ होऊनच नाचल्या.

त्या पहिल्या खेळालाच माझ्या तिकिटाच्या खिडकीवर एक म्हातारी आली होती. खांद्यावर काळं घोंगडं, कपाळ मोकळं. "दोन दे," म्हणाली.

"दुसरं कोणाला, आजी?"

"हाय माणूस."

माणूस काही आला नाही. तिनं घोंगडं घडी करून शेजारच्या जागेवर ठेवलं, आणि एक बाई त्यावर बसायला गेली तर तिला कोपरानं ढोसलं. "हितं माणूस हाय." दुसऱ्या दिवशीही तसंच. दोन तिकिटं, एक म्हातारी, एक घोंगडं. तिकीटवालीला असली माणसं नवी नसतात. मी दोन तिकिटं फाडायची.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी तंबूत माईकची वायर गुंडाळत होते, तर ती थेट पडद्यामागे येऊन उभी राहिली.

"मढं बोलतंय त्ये तूच न्हवं?"

"नाही हो आजी. ते सिनेमातलं."

"मला नगं शिकवू. कळपातलं येकेक मेंढरू म्या अंधारात आवाजावनं वळखलंय." आणि ती माझ्या गोणपाटावर बसली.

ती ठकूआजी. सगळा जन्म नवऱ्यासोबत मेंढरांमागे फिरण्यात गेला होता. पाटाचं पाणी आलं, उसाचे पैसे दिसायला लागले, तशी पोरांनी मेंढरं विकली आणि घर बांधलं. थोरला मारुती, धाकटा बिरा. म्हातारा दिवाळीच्या आधी गेला आणि त्याच्या पिंडाला कावळा शिवला नाही.

"मारुतीनं हात जोडलं. आबा, भाव-भाव भांडत न्हाई म्हनला. कावळा बाभळीवर. बिरा म्हनला, बिरुबाला चांदीची छत्री चढवतो. कावळा बाभळीवर. ऊन डोक्यावर आलं. मग बामनानं दर्भाचा कावळा केला आन् शिवला म्हनून सांगितलं." तिनं नाक उडवलं. "गवताचा कावळा. त्यानं काय पोट भरतंय व्हय?"

त्यानंतर मारुतीच्या गाईनं गाभ टाकला. बिऱ्याची विहिरीवरची मोटार जळाली. म्हातारा तृप्त नाही म्हणून हे होतंय, याबद्दल दोघा भावांचं एकमत होतं. तो कोणामुळे तृप्त नाही, एवढ्यावरून भांडण होतं. शेवटी त्यांनी अंगणाच्या मधोमध भिंत घातली.

"आणि तुम्ही कोणाकडे?"

"म्या? येक पुनव हिकडं, येक पुनव तिकडं. घोंगडं उचलायचं न् भिताडाला वळसा घालून पलीकडं जायाचं. फिरस्तीवर हुतो तवा बी हेच हुतं की. पर तवा संगं मेंढरं तरी हुती." तिनं घोंगडं मांडीवर नीट घेतलं. मग पुढे सरकून म्हणाली, "आज दोगांस्नी आणते. त्या मढ्याला मेंढरं मागाया लाव. म्हाताऱ्या बायकूच्या हाती मेंढरं दिली की जातो, म्हनावं."

"आजी, तो रेशमाचा व्यापारी आहे. चिनी. त्याला मेंढरं कशाला?"

"त्यो धंदा तूच लावलास न्हवं त्याला? तूच बदल."

"पण तुमच्या म्हाताऱ्यांना खरंच मेंढरं हवी होती का?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच काहीतरी वावगं बोलले. "तू माग तर," म्हणाली आणि घोंगडं झटकून गेली.

यांना सांगितलं तर हे माझ्यावर भडकले. "गेलेल्या माणसाच्या नावानं खेळ करायचा नाही. आणि मारुती कोण आहे माहितीय का? यात्रा कमिटीचा पुढारी. ही जागा त्यानं दिलीय. तो बिथरला तर इथून तंबू उठवेल, आणि वरवंडच्या कमिटीत त्याचे पाहुणे आहेत." ते खरं होतं. दोन यात्रा हातच्या गेल्या असत्या तर मालकांनी तंबूची ताडपत्री करायला एवढं कारण पुरलं असतं. मी काही बोलले नाही. लग्नाला तेव्हा बरीच वर्षं झाली होती, आणि मी गप्प बसले म्हणजे ठरवून टाकलंय हे त्यांना समजत होतं. ते कार्बनच्या कांड्या पुसत बसले.

खरं सांगायचं तर मला त्या म्हातारीचं घोंगडं डोळ्यांसमोरून हलत नव्हतं. दर पुनवेला ते उचलून भिंतीला वळसा घालणारी. तिला ना घर हवं होतं, ना सून. तिला तिचं काम परत हवं होतं, आणि ते मागायला तिच्याकडे एक चिनी मढं सोडून दुसरं कोणी नव्हतं.

संध्याकाळच्या खेळाला दोघे भाऊ आले. मारुती पांढऱ्या टोपीत, हाताची घडी घालून. बिरा तंबूच्या खांबापलीकडे, त्याच्याकडे पाठ करून. बायांच्या बाजूला आजी, दोन तिकिटं आणि घोंगडं.

इथं आमच्या कामातली एक गंमत सांगायला हवी. मी पडद्यामागे, हे प्रोजेक्टरपाशी, मध्ये सगळा तंबू. म्हणून आम्ही कनातीच्या कडेनं एक सुतळी नेली होती आणि त्यांच्या टोकाला घुंगरू बांधलं होतं. मी एकदा ओढलं की त्यांनी सिनेमाचा आवाज बारीक करायचा, म्हणजे मला बोलता यायचं. दोनदा ओढलं की मोठा. एवढंच ठरलेलं. या सुतळीवर आमचा संसारही थोडाफार चालायचा, पण ते इथं नको.

शेवटचं रीळ लागलं. शेठ थिजला, देवऋषीनं त्याच्या तोंडाला कान लावला. मी सुतळी एकदा ओढली. चिनी बारीक झालं, आणि मी शेठचा घोगरा आवाज काढला.

"आयुष्यभर पायानं चाललो. पोरांनी घरात आणून बसवलं. घर चांगलं हाय, पर मला त्यात करमत न्हाई. माझ्या म्हातारीच्या हातात माझी मेंढरं दिसू द्या. मग म्या जातो."

मग समोरून एक पोरगेला आवाज आला, "चिन्याला मेंढरं कशाला?"

"धंदा रेशमाचा," मी म्हटलं, "पर बाप धनगर व्हता."

कोणी हसलं नाही. सगळा गाव मारुतीकडे बघत होता. पडदा पातळ असतो, मला पलीकडचं अंधुक दिसायचं. मारुतीची घडी सुटली नव्हती. बिरा मान वळवून प्रथमच भावाकडे बघत होता. धाकट्यानं आधी बोलायची आमच्याकडे पद्धत नाही. आणि इकडे पडद्यावर देवऋषी मढ्याच्या तोंडापासून कान काढायला लागला. आता चेल्यांशी चार वाक्यं, की आला कोंबडा. मारुतीच्या तोंडून शब्द निघायच्या आत कोंबडा छातीवर बसला असता, तर मेंढरं न देताच मढं तृप्त झालं असतं. रीळ कोणासाठी थांबत नाही.

मी सुतळी तीनदा ओढली. तीन झटक्यांचा अर्थ आमच्यात ठरलेलाच नव्हता.

तंबूत मिट्ट काळोख झाला. कार्बन विझले, रीळ थांबलं, चिनी माणसं बोलता बोलता गप्प झाली. एरवी अशा वेळी शिट्ट्यांचा पाऊस पडतो. त्या दिवशी लांब शेतात ठेवलेला आमचा जनरेटर तेवढा ऐकू येत होता. मी माईकमध्ये काही बोलले नाही. नुसता श्वास सोडला, घशातून, सावकाश.

"देतो म्हनावं," मारुतीचा आवाज आला. रोजचा कमिटीतला आवाज नव्हता तो. "आबा, देतो मेंढरं. आयच्या हाती देतो."

"निम्मी माझी," बिरा म्हणाला.

"निम्मी तुझी. गप बस आता."

लगेच कार्बन पेटला. पडद्यावर चेल्यांनी माना हलवल्या, तांबडा कोंबडा फडफडत आला आणि शेठच्या छातीवर बसला. "शिवला!" म्हणून जो गलका झाला तो शेजारच्या वाडीत ऐकू गेला म्हणतात. मारुतीनं टोपी काढून डोळे पुसले. पडद्याचा जो कोपरा तोवर पांढरा राहिला होता, तोही भंडाऱ्यानं भरला.

खेळ सुटल्यावर मी यांच्याकडे बघितलं. "कार्बन संपला होता," ते म्हणाले. सकाळीच नवं खोकं फोडलेलं मी पाहिलं होतं. मी म्हटलं, हो का.

हा सिनेमा मग आम्ही परत पाठवलाच नाही, यात्रा संपेपर्यंत फिरवला. वरवंडला तालमीतले एक वस्ताद सगळ्या पठ्ठ्यांना घेऊन आले आणि मारामारी चालू असताना मोठ्यानं निकाल देत बसले, "ह्यो डाव न्हाई, ही नुसती उडी हाय. पाठ लागली का त्याची? मग कुस्ती न्हाईच." देवऋषी भिंतीवरून पळाला तेव्हा मात्र ते गप्प झाले, आणि दुसऱ्या दिवशी तालमीच्या भिंतीवर चढलेल्या पायांचे ठसे दिसले म्हणून गावात चर्चा होती. न्हावऱ्याला मी सांगितलं की मढी आंधळी असतात, श्वासावरून माणूस ओळखतात, श्वास रोखला की दिसत नाही. सगळ्या तंबूनं श्वास रोखला. लहान-थोर, कमिटी, पानवाला. तेवढ्यात कोणीतरी शिंकलं आणि त्याच्या शेजारची माणसं त्याला सोडून पळाली.

हे सगळं मी हसत सांगते, पण एक हळहळ आहे. एवढे सिनेमे मी पडद्यामागून काढले, एकही पुढून पाहिला नाही. हिरो उजव्या हाताचा असतो हे मला घरी टीव्ही आल्यावर कळलं.

तर पुढच्या वर्षी पुन्हा खुटबाव. या वेळी मालकांनी स्वतः पेटी उघडून बघितली होती. साधा हिंदी सिनेमा, आवाजासकट, माईकवरून गोष्ट सांगायचं काही काम नव्हतं. मी खिडकीवर बसले होते. मैदानाच्या कडेला बाभळीखाली मेंढरं बसलेली दिसली आणि पाठोपाठ लोकरीचा वास आला.

"एक दे," ठकूआजी म्हणाली. रापली होती, काठी नवी होती, आणि चालण्यात गेल्या वर्षी नव्हता असा रुबाब होता.

"मेंढरं कोण राखतंय?"

"दोघं बी. भित पाडली. मेंढरांस्नी अंगणात वळवाया येईना. म्याच म्हनलं, येकतर भित ठिवा न्हाईतर मेंढरं."

मी तिकिटाला हात घातला आणि थांबले. "एकच? आणि ते दुसरं माणूस?"

"आता कशाला?"

"कोण होतं ते, आजी?"

तिनं खिडकीच्या फळीवर दोन्ही कोपरं टेकवली. मागे रांग होती, पण तिला रांगेची पर्वा नव्हती. "म्हातारा," ती म्हणाली. "जलमभर यात्रंच्या गावाभवतीनं मेंढरं बसवली. तुमच्या तंबूचा कर्णा रानात ऐकाया यायचा. म्हनायचा, ठके, येकदा आत बसून बगू. म्या म्हनायची, मेंढरं कोण राखंल? मग मेंढरं विकली, तवर त्येचं डोळं गेलं. तरी म्हनायचा, नुसतं ऐकाया जाऊ. म्या म्हनलं, लोकं हसतील, आंधळं सिनिमाला आलं म्हनून."

रांगेतल्या पुढच्या माणसाला मी हातानं थांब म्हटलं.

"नदीवर मला ठावं हुतं काय म्हनायचं त्ये. पर समद्या भावकीत कसं म्हनू, चल तुला सिनिमा दावते म्हनून? म्या खाली बगून बसले. कावळा माझ्याकडं बगतोय असं वाटत हुतं. मग तुझा ह्यो तंबू आला. आन् तू समदं सांगाय लागलीस. ह्यो उठला, त्यो पडला, आता कोंबडा आला. आंधळ्याला बी दिसावं असं. शेजारी बशिवला त्याला. पोटभर ऐकलं त्यानं."

"आणि मेंढरं?"

"मेंढरं मला पायजे हुती," ती म्हणाली. "त्याला कसली आल्यात मेंढरं. त्याला वीट हुता मेंढरांचा."

रांगेतून कोणीतरी खाकरलं. मी तिकीट फाडलं, अर्धं तिच्या हातात दिलं आणि सांगितलं, "आजी, औंदा मी बोलणार नाही. सिनेमा हिंदी आहे."

"मग मलाच बगावं लागंल," ती म्हणाली. आत जाऊन ती बायांच्या अगदी मधोमध बसली, घोंगडं स्वतःच्या अंगावर घेतलं, आणि दोन्ही पाय पुढे पसरले.